मळ्यातली खोटी चतुर्थी

माझ्या नवऱ्याने जन्मात कधी संकष्टी केलेली नाही. त्याच्या घरी चतुर्थीला मोदक व्हायचे, तेवढीच त्याची आणि चतुर्थीची ओळख. तरीही गेल्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता, उत्तर मिशिगनमधल्या एका परक्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ठामपणे सांगितलं, की आज यांचा उपवास आहे आणि चंद्र दिसेपर्यंत हे वाईनला स्पर्शही करणार नाहीत. त्या दिवशी चतुर्थी आहे की नाही, हे मी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच वाटली नाही. इंग्लिश माणसांना काय कळतंय, असा माझा सरळ विचार होता.

ते स्वयंपाकघर आमच्या होणाऱ्या व्याह्यांचं. आमच्या लेकीने पसंत केलेला मुलगा इथेच जन्मला, पण त्याचे आईवडील मूळचे इंग्लंडचे. वडील आमच्यासारखेच डेट्रॉइटकडे मोटारींच्या कामासाठी आलेले इंजिनिअर. पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी मिशिगन सरोवराच्या काठावर चार एकर उतरती जमीन घेतली आणि द्राक्षं लावली. इंग्लंडच्या दक्षिणेला त्यांचा भाऊ शॅम्पेनसारखी बुडबुड्यांची वाईन करतो, तिथल्या थंडीत जमतं तर इथेही जमेल, एवढ्या भरवशावर. गावातले लोक त्या जागेला ‘इंग्लिशमनचा मळा’ म्हणतात. दर सप्टेंबरात एका शनिवारी घरचे आणि शेजारचे मिळून द्राक्षं काढतात. यंदा आम्हाला बोलावणं होतं, आणि होणाऱ्या व्याह्यांचं पहिलं बोलावणं टाळता येत नाही. तासगावहून आईने फोनवर एकदा कुरकुर केली, की पितृपक्षात कसली गं पहिली भेट. पण द्राक्षं काही पंचांग बघून पिकत नाहीत, असं मी तिला ऐकवलं.

भीती मला पितृपक्षाची नव्हतीच. माझ्या नवऱ्याने दारू सोडून चौदा महिने झाले होते आणि मी त्याला वाईनच्या मळ्यात घेऊन चालले होते.

त्याचं पिणं लोकांना वाटतं तसलं नव्हतं. आरडाओरडा नाही, मारझोड नाही, कामावर खाडा नाही. शुक्रवारी मित्रांकडे दोन पेग, मग शनिवारी घरी दोन, मग गॅरेजमध्ये गाडीच्या काचा धुवायच्या निळ्या पाण्याच्या कॅनमागे एक बाटली, मग आणखी एक. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात त्याच्यापेक्षा जास्त पिणारे चार जण सहज निघाले असते. फरक एवढाच, की ते रविवारी रात्री थांबत आणि हा थांबत नसे. मला सगळं ठाऊक होतं. मी फक्त त्या कॅनमागे डोकावून येत असे आणि कुणाला काही सांगत नसे.

मग माझी आई आली. त्या दिवशी मी कामासाठी शिकागोला होते, म्हणून तिला आणायला तो गेला, तोही दोन तास आधी. विमानतळाजवळ घ्यायला आलेल्या लोकांनी गाडी घेऊन थांबायची जागा असते. तिथे गाडी लावून त्याने थोडीशी घेतली आणि झोपला. पंच्याहत्तर वर्षांची माझी आई व्हीलचेअरवर, दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी सांभाळत, चार तास दाराशी बसून राहिली. तिच्याजवळ इथे चालणारा फोन नव्हता. शेवटी कुणीतरी याच्या काचेवर टकटक केली, तेव्हा हा उठला आणि त्याच अवस्थेत गाडी चालवत तिला घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मी आल्यावर आईला सांगितलं, की गाडी बिघडली होती. आई म्हणाली, ‘असेल. यंत्रच ते.’ पुढे सहा महिने ती आमच्याकडे राहिली आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच आठवड्यात तो आपणहून एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेला. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार चुकवलेला नाही. वर्ष पूर्ण झालं तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला एक पितळी नाणं दिलं. ते तो पँटच्या उजव्या खिशात ठेवतो, आणि हात खिशात गेला की मला कळतं, आत काहीतरी चाललंय.

हे आम्हा दोघांना आणि लेकीला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. मीच ठाऊक होऊ दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी इतक्या लहानपणापासून ऐकलंय की ते माझ्या हाडात मुरलंय. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला की याच्या आधी मी बोलायची. आधी ॲसिडिटी झाली, मग अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग श्रावण आला. श्रावण संपला की गणपती, गणपती गेले की पितृपक्ष, पुढे नवरात्र. आपलं पंचांग या कामी फार सोयीचं आहे. आणि आपली माणसं उपवासाचं नाव काढलं की खोदून विचारत नाहीत, हेही खरं.

आदल्या रात्री आम्ही जवळच्या मोटेलमध्ये उतरलो होतो. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, की मी आज त्यांना सांगून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे. मी हातातला कंगवा खाली ठेवला. आधी लग्न होऊ दे, म्हटलं, मग गावभर दवंडी पीट. पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी बाप दारुडा म्हणून ओळख करून द्यायची आहे का? तो म्हणाला, दारुडा नव्हे, दारू सोडलेला. मी म्हटलं, लोक पहिला शब्द ऐकतात.

त्याने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, ‘मला जिथे लपावं लागतं ना, तिथेच माझा हात वळतो. तो मळा आहे वाईनचा. तिथे लपायला लावू नकोस.’

मी त्याला लेकीची शपथ घातली. शपथबिपथ त्याला पटत नाही, पण लेकीच्या नावापुढे तो गप्प बसतो, हे मला बरोबर ठाऊक आहे. तो गप्प बसला. जिंकल्यासारखी मी गाडीत जाऊन बसले.

विहीणबाई फार मोकळ्या बाई निघाल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत पानं, हात पुसत बाहेर आल्या आणि आम्हाला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. लांब टेबलावर दुपारच्या जेवणाची ताटं आधीच मांडलेली, प्रत्येक ताटाशी उंच, निमुळता ग्लास. त्यांनी हौसेने सांगितलं, की शेवटचा क्रेट भरला की तिथेच, मळ्यात उभ्याउभ्या एक बाटली उघडायची, ही त्यांच्या दिरांच्या घरची पद्धत. पहिला घोट पाहुण्याचा. पाहुणा प्यायल्याशिवाय कुणी ग्लासला ओठ लावायचे नाहीत. यंदाचा मान मुलीच्या वडिलांना, आणि बाटली मळ्याच्या पहिल्या पिकाची, तसल्या आता दोनच उरल्यात.

नवऱ्याचा हात उजव्या खिशात गेला. तो तोंड उघडतोय असं मला वाटलं आणि मी त्याच्या आधी बोलून मोकळी झाले. पितृपक्ष सांगावा तर पहिल्याच भेटीत मेलेल्या माणसांचा विषय कुठे काढायचा, म्हणून चतुर्थी काढली. चंद्राचं तर मी मुद्दाम घातलं. चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो, तोवर आम्ही घरी पोचून तास-दीड तास झालेला असणार. थाप कशी नीट बेतून मारावी, हे कुणी माझ्याकडून शिकावं.

विहीणबाई वाईट वाटून न घेता उलट हरखल्याच. फळं चालतात का, दूध चालतं का, मीठ चालतं का, त्यांनी सगळं विचारून घेतलं. अंडी आणि टोस्ट त्याच्या पुढ्यातून उचलले आणि सफरचंदाची बशी आणून ठेवली. अंडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. अंड्यांच्या वासात बसून तो सफरचंदाच्या फोडी चावत राहिला आणि माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मळ्यात दव पडलं होतं. वेली आमच्या तासगावसारख्या मांडवावर नव्हत्या, तारांवर कंबरेएवढ्या उंचीत ओळीने उभ्या. मला घड कसा धरायचा हे कुणी शिकवायला नको होतं. देठ बोटात धरायचा, मण्यांना हात लावायचा नाही, कात्री वरून चालवायची. पहिला क्रेट मी सगळ्यांच्या आधी भरला आणि शेजारच्या दोन बायकांनी कौतुक केलं तेव्हा मला बरंही वाटलं. एक मणी तोंडात टाकला तर दात आंबले. या वाईनला अशी कच्चट आंबट द्राक्षंच लागतात म्हणे. तासगावात अशी द्राक्षं कुणी काढली असती तर त्याला वेड्यात काढलं असतं.

अर्ध्या तासाने मान वर केली तर नवरा ओळीत नव्हता. व्याही त्याला शेडमध्ये घेऊन गेले होते. एक इंजिनिअर दुसऱ्याला आपलं यंत्र दाखवल्याशिवाय राहतो का? मी कात्री तारेला अडकवली आणि हात धुवायचं निमित्त करून मागोमाग गेले.

आत गार अंधार होता आणि आंबलेल्या पिठासारखा वास. त्या वासाने मीच दाराशी थबकले, त्याचं काय होत असेल. तिरप्या फळ्यांना भोकं पाडून त्यात शेकडो बाटल्या मान खाली करून खोचलेल्या. दोघांनीही डोळ्यांवर जाड चष्मे चढवले होते, कारण आत इतका दाब असतो की एखादी बाटली मध्येच फुटते. व्याही सांगत होते, की वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, बुडबुडे तिथेच धरतात, आणि आंबवणाऱ्या यीस्टचा साका तळाशी बसतो. तो साका बुचाशी यावा म्हणून प्रत्येक बाटली रोज थोडी थोडी फिरवायची. एकदम नाही, झटका दिला की सगळं पुन्हा गढूळ. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, करून बघा.

त्याने दोन्ही हातांत एकेक बाटली धरली आणि अलगद फिरवली, मग पुढच्या दोन. ब्रेकमधल्या दाबाची तपासणी करण्यात त्याचा जन्म गेलाय, हात मुरलेला आहे. व्याही खूश झाले. मी दाराशी उभी राहून त्याच्या हातांकडे पाहत होते. ते हात बाटल्यांवर होते आणि थरथरत नव्हते. थरथरले असते तर मला बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

मग व्याह्यांनी एका टाकीच्या नळाखाली छोटा ग्लास धरला. आठवड्यापूर्वी नमुन्याला काढलेल्या द्राक्षांच्या रसाला आता कुठे फेस धरायला लागलाय, चव बघणार का, असं म्हणत तो नवऱ्यापुढे केला. मी दारातून आत पाऊल टाकलं. पण त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला, सॉरी, तुमचा उपवास, असं म्हणाले आणि ग्लास मागे घेतला. माझी थाप कामाला आली होती. मी नवऱ्याकडे विजयाने पाहिलं. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मला ओलांडून बाहेर गेला.

मी त्याला ओळीच्या टोकाशी गाठलं. तो पाठमोरा उभा राहून नाणं बोटांत फिरवत होता.

‘वाचलास की नाही?’ मी म्हटलं.

‘वाचलो नाही. तो ग्लास पुन्हा येणार आहे. आणि मी नाही म्हणालोच नव्हतो, तू म्हणाली होतीस. माझा नकार अजून खर्चच झालेला नाही, म्हणून आत कुणीतरी सारखं विचारतंय, घ्यायची का?’

मला राग आला. मी एवढी धडपडतेय, देव पाण्यात घालून बसलेय, आणि याचं आपलं भलतंच. आणखी दोन तास कळ काढ, मग निघूच, असं सांगून मी माझ्या क्रेटकडे वळले. तिथे लेक उभी होती. तिने होणाऱ्या सासूकडून उपवासाचं ऐकलं होतं. आवाज खाली ठेवून तिने इंग्रजी-मराठीत मला झाडलं. ‘आई, व्हॉट इज धिस? तू प्रॉमिस केलं होतंस की तिकडे काही खोट्या स्टोरीज सांगणार नाहीस. मी माझ्या फियान्सेला अजून सांगितलं नाही, बिकॉज यू आस्क्ड मी.’ मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. ती म्हणाली, ‘फॉर मी? रिअली?’ आणि आपला क्रेट उचलून दुसऱ्या ओळीत गेली.

त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते मला विचारू नका. हात कात्री चालवत होते आणि डोळे नवऱ्याच्या टोपीवर. टोपी खाली गेली की मी टाचा उंचावून बघायची. साडेदहाच्या सुमाराला व्याही आणि विहीणबाई सरोवराच्या बाजूला बघत काहीतरी कुजबुजताना दिसले. विहीणबाई हसल्या आणि त्यांनी आपल्या नवऱ्याच्या दंडावर चापट मारून तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं पाऊस येणार असेल. मी वर पाहिलं, एक ढग नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी आकाशात नेमकं काय आहे ते त्या वेळीही नीट पाहिलं नाही.

साडेबाराला शेवटचा क्रेट भरला. सगळे ओळीच्या वरच्या टोकाशी जमलो, मळ्याचे दोघे, त्यांचा मुलगा, आमची लेक, आम्ही आणि शेजारची चार-पाच माणसं. तिथून खाली सगळं सरोवर दिसतं, दुसरा काठ नसलेलं. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर ग्लास मांडले होते. व्याह्यांनी बाटलीवरची तार सोडवली, बूच मुठीत धरलं आणि हळूच फिरवलं. मोठा आवाज झाला नाही, सुस्कारा टाकल्यासारखा झाला. त्यांनी ग्लास भरले. विहीणबाईंनी आठवणीने एका ग्लासात नुसता द्राक्षांचा ताजा रस आणला होता, तो त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. संपलं, म्हटलं. निभावलं.

तेवढ्यात व्याह्यांनी माझ्या नवऱ्याचे खांदे धरून त्याला सरोवराकडे वळवलं आणि हात वर केला.

पाण्याच्या वर, निळ्या आकाशात, अर्धा चंद्र होता. फिकट, पण स्पष्ट. भर दुपारी. कृष्णपक्षाचा चंद्र सकाळभर, दुपारीसुद्धा पश्चिमेला असतो, हे शाळेत शिकवलं असणार, मला आठवत नव्हतं. नंतर कॅलेंडर पाहिलं, तर चतुर्थी होऊन चार दिवस झाले होते, त्या दिवशी अष्टमी होती.

व्याह्यांनी सांगितलं, की आपल्याला तो सकाळीच दिसला, पण शेवटच्या क्रेटपर्यंत गुपित ठेवायचं ठरवलं. सगळे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी रसाचा ग्लास काढून घेतला आणि व्याह्यांनी पहिल्या पिकाच्या वाईनचा ग्लास त्याच्या हातात ठेवला. मग सगळे आपापला ग्लास हातात धरून थांबले, कारण पहिला घोट पाहुण्याचा.

मी म्हणाले, ‘नाही, म्हणजे, तो रात्रीचाच चंद्र लागतो.’ माझा आवाज मलाच चिरका वाटला. दुसरी थाप तयार होती, तिसरीही झाली असती. पण नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो दमला होता.

ग्लास त्याच्या छातीपर्यंत वर गेला. हे मी कधी विसरणार नाही. बुडबुडे तळातून सरळ रेषेत वर येत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी गॅरेजच्या दारातून पूर्वी पाहिलं होतं. चौदा महिने. मी जो टाळण्यासाठी श्रावणापासून नवरात्रापर्यंत सगळे सणवार कामाला लावले, तो ग्लास आता मीच त्याच्या ओठांशी आणून ठेवला होता. कुणी चंद्र दाखवला, कुणी वाईन ओतली, त्यांचा काय दोष? दोघेही भली माणसं.

‘माझा उपवास नाही,’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘मी दारुडा आहे. चौदा महिने घेतलेली नाही. आज घेतली तर उद्या थांबता येणार नाही.’

मग वळून त्याने ग्लास माझ्या हातात दिला आणि मराठीत एवढंच म्हणाला, ‘धर.’

उघड्या बाटलीतून फेस येऊन व्याह्यांच्या बुटांवर ठिबकत होता आणि ते बाटली सरळ करायचं विसरले होते. मी लेकीकडे बघायचं टाळलं. माझं सगळं अंग तापलं होतं, भर मळ्यात कुणी माझा पदर ओढल्यासारखं. मग विहीणबाई वाकल्या, क्रेटवरचा रसाचा ग्लास उचलला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. पहिला घोट तरीही तुमचाच आहे, असं त्या साधेपणाने म्हणाल्या. त्याने रस प्यायला. मग सगळे प्याले. व्याह्यांचा मुलगा आपला ग्लास घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि लेकीने बापाच्या दंडाला मिठी मारली. मी ग्लास तसाच धरून उभी होते, बुडबुडे विरेपर्यंत.

जेवण झालं. त्याला अंडी मिळाली, तीन. व्याह्यांनी दारूबद्दल एक शब्द काढला नाही, ब्रेकबद्दल मात्र पुष्कळ विचारलं. लग्नाचं काय होईल, ही माझी भीती दोन घासांत विरघळली, तशी ती फोलच होती. मला वाटलं सुटले.

मग भांडी विसळताना विहीणबाई माझ्या शेजारी आल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, की उपवास नव्हता, हे समजलं, पण चंद्राचं तरी खरं होतं का? तुमच्यात असं असतं का?

असतं, मी म्हटलं, पण आज नव्हतं.

‘मी सकाळपासून तुमच्यासाठी चंद्र शोधत होते,’ त्या म्हणाल्या. रागाने नाही. पुसलेली ताटली त्यांनी फळीवर ठेवली आणि दुसरी घेतली. मी सॉरी म्हणाले. त्या एका शब्दाइतकं इंग्रजी मला आयुष्यात कधी जड गेलेलं नाही. दारुड्याबद्दल त्यांना काही वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते माझ्याबद्दल.

परतीच्या वाटेवर दोन तास मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत बसले. मग मीच तोंड उघडलं, कारण गप्प बसणं मला जमत नाही. लेकीची शपथ मोडलीस, म्हटलं. सगळ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर सांगायची काय गरज होती? बाजूला घेऊन सांगितलं असतंस.

त्याने गाडीचा वेग कमी केला, एरवी रागावला की तो वाढवतो. ‘पूर्वी मी बाटली लपवायचो,’ तो म्हणाला. ‘आता तू मला लपवतेस. त्याच कॅनमागे.’

खिडकीबाहेर मक्याची शेतं जात राहिली. श्रावणातल्या, नवरात्रातल्या, ॲसिडिटीच्या सगळ्या पार्ट्या मला आठवत गेल्या, आणि प्रत्येक वेळी मी बोलत होते आणि तो माझ्या मागे उभा होता. मला वाटत आलं होतं की मी त्याची लाज राखतेय. खरं तर मला त्याची लाज वाटत होती. तो पीत होता तेव्हापेक्षा सोडल्यावर जास्त, कारण सोडलंय म्हटलं की पीत होता हे कबूल करावं लागतं. हे असं स्वतःला सांगायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

नोव्हायचा एक्झिट यायला पाच मैल असताना फोन वाजला. तासगावात पहाटेचे पाच झाले होते. आई उठते, चहा घेते आणि पहिला फोन मला करते. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज आला. व्याही कसे आहेत, घर कसं आहे, द्राक्षं आपल्यासारखी आहेत का, तिने एका दमात विचारलं. मग म्हणाली, जावईबापू एवढा लांबचा प्रवास करतायत, गाडी बरी चालतेय ना आता?

नवऱ्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, नेहमीसारखं, गुळगुळीत.

‘आई,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी विमानतळावर गाडी बिघडली नव्हती.’